घरातले स्प्रिंकलर : स्वतः बसवावेत का, आणि कायद्याने का सांगू नये?



गेल्या हिवाळ्यात आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाचे टाउनहाउस जळाले. आग शेजारच्या घरात लागली होती. सगळे वेळेवर बाहेर पडले, कुणालाही इजा झाली नाही. पण आम्ही चार-पाच घरचे लोक ब्लँकेट्स आणि जेवण घेऊन तिथे पोचलो, तोपर्यंत बघण्यासारखे काही उरले नव्हते. त्या रात्री घरी परतताना आम्हा दोघांच्या मनात एकच विचार होता. दोन महिन्यांनी पुण्याहून आई-बाबा येणार होते आणि त्यांची झोपायची सोय आम्ही बेसमेंटमध्ये करत होतो. बाबांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. रात्री स्मोक अलार्म वाजला तर?

आम्ही दोघेही इंजिनियर. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो, पण ड्रिल मशीन हातात घ्यायला घाबरत नाही. बेसमेंटचे सीलिंग अजून उघडेच होते. तेव्हा मनात आले, स्प्रिंकलर आपणच बसवले तर? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते आपल्या मंडळातील इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेख. हा प्रश्न फक्त पाइप जोडण्याचा नाही. या देशात २००८ पासून त्यावर जे राजकारण चालू आहे, ते आपल्या घराच्या छतापर्यंत येऊन पोचलेले आहे.

कायद्याची गोष्ट

अमेरिकेत घरगुती स्प्रिंकलरसाठी 'एनएफपीए १३डी' नावाचे मानक १९७५ पासून आहे. अॅरिझोनातील स्कॉट्सडेल शहराने १९८५ साली नव्या घरांना स्प्रिंकलर सक्तीचे करणारा ठराव केला. आमच्या मेरीलँडमधील प्रिन्स जॉर्जेस काउंटीने १९९२ पासून सर्व नव्या घरांना ते लागू केले. म्हणजे कल्पना नवीन नाही.

खरी लढाई झाली २००८ साली. इंटरनॅशनल कोड काउन्सिलच्या मिनीॲपोलिस येथील बैठकीत मतदान होऊन २००९ च्या निवासी बांधकाम संहितेत एक-दोन कुटुंबांच्या नव्या घरांनाही स्प्रिंकलर हवेत असे ठरले. अंमलबजावणीची तारीख होती १ जानेवारी २०११. पण ही संहिता नमुन्यादाखल असते. ती स्वीकारायची, बदलायची की नाकारायची हे प्रत्येक राज्य ठरवते. कॅलिफोर्निया, मेरीलँड आणि वॉशिंग्टन डी.सी. यांनी ती अट ठेवली. पेनसिल्व्हेनियाने जानेवारी २०११ मध्ये लागू केली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये रद्द केली. टेक्सासने २००९ मध्येच कायदा करून शहरांना अशी नवी सक्ती करण्यापासून रोखले. बहुतेक राज्यांनी बाकीची संहिता घेतली आणि नेमके हेच कलम वगळले.

विरोध मुख्यतः घरबांधणी व्यावसायिकांच्या संघटनेचा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: स्मोक अलार्म पुरेसे आहेत, घरे आधीच महाग झाली आहेत, ज्याला हवे त्याने स्वखुशीने बसवावे. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. नव्याने संसार थाटणाऱ्या जोडप्याला दर हजार डॉलर महत्त्वाचे असतात, हे एच-१ वर आलेल्या कुणालाही सांगायला नको. पण आकडे पाहू. एनएफपीएच्या संशोधन संस्थेने २००८ साली केलेल्या पाहणीत नव्या घरात स्प्रिंकलरचा सरासरी खर्च दर चौरस फुटाला १.६१ डॉलर निघाला. २०१३ च्या पाहणीत तो १.३५ डॉलरपर्यंत उतरला. त्यानंतर महागाई वाढली आहे, तेव्हा आज हा आकडा तसाच धरू नये. तरीही ग्रॅनाइट काउंटरटॉपच्या अपग्रेडशी तुलना करून पाहा, म्हणजे अंदाज येईल.

आग बदलली आहे, घरेही बदलली आहेत

'आमच्या लहानपणी कुठे होते स्प्रिंकलर?' हा प्रश्न आमच्या घरातही विचारला गेला. त्याचे उत्तर यूएल या चाचणी संस्थेच्या प्रयोगात आहे. त्यांनी सारख्या आकाराच्या दोन खोल्या पेटवल्या. एकीत जुन्या पद्धतीचे लाकडी आणि सुती सामान, दुसरीत आजचे फोमचे सोफे आणि कृत्रिम धाग्यांचे पडदे. जुन्या खोलीला पूर्ण पेट घ्यायला साधारण साडेएकोणतीस मिनिटे लागली. नव्या खोलीला पावणेचार मिनिटेसुद्धा लागली नाहीत. अग्निशामक दलाची गाडी फोन केल्यापासून दारात येईपर्यंत ही वेळ केव्हाच निघून गेलेली असते.

दुसरी गोष्ट डोक्यावरच्या (म्हणजे पायाखालच्या) जमिनीची. १९९० नंतरच्या अनेक घरांत जाड फळ्यांऐवजी इंग्रजी 'आय' अक्षराच्या आकाराचे हलके जॉइस्ट वापरले आहेत. ते भार उत्तम पेलतात, पण आगीत लवकर दगा देतात. यूएलच्याच २००८ च्या चाचणीत ड्रायवॉल नसलेले जुने जॉइस्ट सुमारे पावणेएकोणीस मिनिटे टिकले, तर 'आय' जॉइस्ट सहा मिनिटांत कोसळले. म्हणून तर २०१२ च्या संहितेत अशा जमिनीखाली ड्रायवॉल लावा किंवा स्प्रिंकलर बसवा, अशी अट आली. आमचे घर १९९८ चे. बेसमेंटमध्ये मान वर करून पाहिले, तर तेच जॉइस्ट, तेही उघडे. त्याखाली आई-बाबांचा पलंग लावायचा होता.

प्रिन्स जॉर्जेस काउंटीच्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांच्या अहवालानुसार, स्प्रिंकलर असलेल्या घरांत आगीने एकही मृत्यू झाला नाही. नसलेल्या घरांत १०१ झाले. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. स्प्रिंकलरवाली घरे नवी होती, त्यांचे वायरिंग नवे होते आणि स्मोक अलार्मही नवे होते. शिवाय जुन्या घरांची संख्याही मोठी होती. त्यामुळे सगळे श्रेय स्प्रिंकलरला देता येणार नाही. पण शून्य म्हणजे शून्यच. त्याकडे दुर्लक्षही करता येत नाही.

सिनेमातले स्प्रिंकलर आणि खरे स्प्रिंकलर

आपल्याकडे सर्वात मोठा गैरसमज हा की फोडणीचा धूर झाला की घरभर पाऊस पडेल. तसे होत नाही. स्प्रिंकलरला धूर कळत नाही, उष्णता कळते. हेडमध्ये एक छोटी काचेची नळी असते, तिच्यात रंगीत द्रव असतो. नारिंगी नळी १३५ अंश फॅरनहाइटला फुटते, लाल १५५ ला. जिथले फुटते तिथलेच पाणी सुटते, बाकीची हेड कोरडीच राहतात. शेगडी किंवा हीटरच्या जवळ जास्त तापमानाची हेड लावतात. त्यामुळे हिंग-मोहरी, होमाचा धूर किंवा देवघरातले निरांजन यांनी स्प्रिंकलर सुटत नाही. स्मोक अलार्म मात्र ओरडतो, आणि आपण काय करतो? त्याची बॅटरी काढून ठेवतो! ही सवय आपल्या घराघरांत आहे, आमच्याही घरात होती. आगीपेक्षा आम्हाला तिची जास्त भीती वाटते.

पाण्याने सामान भिजते हेही खरे. पण एक घरगुती हेड मिनिटाला साधारण १३ गॅलन पाणी टाकते. फायरमनचा होज याच्या दहापट आणि त्याहूनही जास्त टाकतो.

मग स्वतः बसवता येईल का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कागदावर हे काम सोपे दिसते. १३डीचा उद्देश घर वाचवणे हा नसून माणसांना बाहेर पडायला वेळ देणे हा आहे. त्यामुळे नियम ऑफिस बिल्डिंगपेक्षा पुष्कळ सौम्य आहेत. गॅरेज, राहण्यासाठी न वापरलेला ॲटिक, ५५ चौरस फुटांपर्यंतचे बाथरूम आणि लहान कपाटे यांत हेड लागत नाही. पाणी साधारण दोन हेडना दहा मिनिटे पुरेल इतके हवे. लहान एकमजली घराला सात मिनिटेही चालतात.

गणितही शाळेतलेच. हेडचा एक 'के-फॅक्टर' असतो. त्याला दाबाच्या वर्गमूळाने गुणले की पाण्याचा प्रवाह मिळतो. ४.९ के-फॅक्टरच्या हेडला ७ पीएसआय दाब दिला तर मिनिटाला १३ गॅलन. दोन हेड म्हणजे २६. दहा मिनिटांचे २६० गॅलन. उंचीमुळे दर फुटाला ०.४३३ पीएसआय दाब कमी होतो, आणि पाइपातल्या घर्षणाचे सूत्र आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पाठ केलेलेच आहे. आम्ही दोन संध्याकाळी बसून मस्त स्प्रेडशीट बनवली. घरातला दाब ५८ पीएसआय. सगळे रकाने हिरवे. आम्ही खूश!

तोवर आई-बाबा येऊन पोचले होते. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी स्प्रेडशीट पाहिली आणि विचारले, "अरे, हा दाब नळ बंद असताना मोजलास की चालू असताना?" आम्ही गप्प. "पाण्याचा हिशेब नळ सोडून करायचा असतो," एवढे बोलून ते चहा प्यायला निघून गेले.

तीच चूक काउंटीच्या कार्यालयात नकाशे तपासणाऱ्या अधिकाऱ्यानेही दाखवली. बंद नळाचा दाब आणि २६ गॅलन वाहत असतानाचा दाब यांत मोठा फरक असतो. त्यात आमचा पाण्याचा मीटर ५/८ इंची. त्याची कमाल क्षमताच मिनिटाला २० गॅलन. म्हणजे आमची हिरवी स्प्रेडशीट प्रत्यक्ष आगीत लाल झाली असती, आणि ते आम्हाला आगीच्या दिवशीच कळले असते. सॉफ्टवेअरमध्ये बग निघाला तर आपण पॅच देतो. इथे ती सोय नाही.

आणखी काही खाचाखोचा अशा:

१. दोन हेड फार जवळ लावली तर एकाचे पाणी दुसऱ्याला गार करते आणि दुसरे फुटतच नाही. म्हणून साधारणपणे आठ फुटांचे अंतर ठेवावे लागते. फार दूर लावली तर मध्ये कोरडी जागा उरते. सीलिंग फॅन, बीम, उंच कपाट, सगळे आड येते.

२. नारिंगी रंगाचा सीपीव्हीसी पाइप कापायला आणि चिकटवायला सोपा वाटतो. पण पाइप फिटिंगमध्ये पूर्ण आत गेला पाहिजे, पाव वळसा द्यायला हवा आणि सुकायला पुरेसा वेळ दिला पाहिजे. आम्ही गॅरेजमध्ये सरावाचे सहा सांधे जोडले. दाब दिल्यावर त्यांतला एक गळला. सहात एक! ड्रायवॉलच्या मागे गळणारा सांधा म्हणजे काय, हे ज्याने बुरशी काढण्यासाठी पैसे मोजले आहेत त्याला विचारा. शिवाय काही तेले, सीलंट आणि वायरची आवरणे या प्लास्टिकला चिरा पाडतात.

३. थंड प्रदेशात ॲटिकमधला पाइप गोठून फुटतो. पूर्वी त्यात अँटीफ्रीझ भरत असत. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्रकी येथे स्वयंपाकघरातल्या आगीवर असे मिश्रण पडून भडका उडाला आणि एकाचा जीव गेला. त्यानंतर २०१० मध्ये नव्या घरांत त्याला मनाई झाली. आता फक्त खास चाचणी झालेली मिश्रणेच चालतात. इंटरनेटवरच्या जुन्या सूचना वाचून काम करणाऱ्याला हे ठाऊक नसण्याची शक्यता आहे.

४. स्वस्तात मिळतात म्हणून जुनी हेड विकत घेऊ नका. २००१ साली ओ-रिंगच्या दोषामुळे या देशात सुमारे साडेतीन कोटी हेड परत बोलावली गेली होती.

परवानगीचे म्हणाल तर प्रत्येक गावाचे शास्त्र वेगळे. काही ठिकाणी मालकाला स्वतःच्या घरात काम करू देतात, काही ठिकाणी प्लंबरला चालते (घरच्या नळांच्याच पाइपवर स्प्रिंकलर जोडण्याची एक पद्धत आहे, तिथे विशेषतः), तर काही ठिकाणी खास लायसन्स लागते. आमच्या काउंटीने सांगितले की परमिट लायसन्सधारक कंत्राटदाराच्या नावानेच निघेल. म्हणून पाइप विकत घेण्याआधी स्थानिक फायर मार्शलच्या कार्यालयात फोन करा. परमिटशिवाय बसवलेली सिस्टिम घर विकताना आणि विम्याचा दावा करताना दोन्हीकडे अडचणीत आणते.

शेवटी आम्ही काय केले? डिझाइन आणि पाइपचे काम लायसन्सधारक माणसाला दिले. सीलिंग मोकळे करणे, वायरी बाजूला घेणे आणि नंतर ड्रायवॉल, रंग हे आम्ही केले. पाणीखात्याकडून मीटर एक इंची करून घेतला. रंग देताना प्रत्येक हेड झाकले, कारण रंग लागलेले हेड निकामी समजून बदलावेच लागते. काम सध्या फक्त बेसमेंटपुरते आहे. याला पूर्ण १३डी सिस्टिम म्हणता येत नाही आणि विमा कंपनीने सवलतही दिली नाही. स्वयंपाकघर वर आहे आणि घरांतल्या आगी सर्वात जास्त स्वयंपाकातूनच लागतात, हेही आम्ही जाणतो. वरचा मजला पुढच्या टप्प्यात.

लॉस एंजेलिसनंतरचा गोंधळ

जानेवारी २०२५ मध्ये पॅलिसेड्स आणि ईटन या दोन वणव्यांत लॉस एंजेलिस परिसरातील सोळा हजारांवर इमारती नष्ट झाल्या. तेव्हापासून कॅलिफोर्नियातील आमच्या मित्रांमध्ये छतावर स्प्रिंकलर बसवण्याची चर्चा सुरू आहे. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. घरातले स्प्रिंकलर आतल्या आगीसाठी असतात. बाहेरून उडत येणाऱ्या ठिणग्यांपुढे त्यांचा फारसा उपयोग नाही. आणि छतावरचे स्प्रिंकलर शहराच्या पाण्यावर अवलंबून असतील तर, पॅलिसेड्समध्ये हायड्रंटच कोरडे पडले होते, हे विसरू नये. वणव्याच्या भागात आधी ॲटिकच्या झरोक्यांना बारीक जाळी, गटारीतला पालापाचोळा काढणे आणि भिंतीलगतची पाच फूट जागा झुडपांवाचून मोकळी ठेवणे, हे करावे. हे काम मात्र स्वतः करता येते आणि त्यात हायड्रॉलिक्सही लागत नाही.

इतर देश काय करतात

वेल्सने जानेवारी २०१६ पासून सर्व नव्या घरांना स्प्रिंकलर सक्तीचे केले. जून २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ जण गेले. त्या इमारतीच्या सदनिकांत स्प्रिंकलर नव्हते. त्यानंतर इंग्लंडने २०२० मध्ये नव्या निवासी इमारतींसाठीची उंचीची मर्यादा ३० मीटरवरून ११ मीटरवर आणली. स्कॉटलंडने मार्च २०२१ पासून नवे फ्लॅट आणि सामाजिक गृहनिर्माण यांना ती अट लावली. मोठ्या दुर्घटनेनंतर नियम येतात हे दिसतेच. वेल्सने ग्रेनफेलची वाट पाहिली नाही, एवढे मात्र नोंदवायला हवे.

आमचे मत

घर बांधताना भिंती उघड्या असतात, तेव्हा स्प्रिंकलर स्वस्त पडतो. नंतर तोच महाग आणि कटकटीचा होतो. आणि ज्या दिवशी घर बांधले जाते, त्या दिवशी त्यात पुढे कोण झोपणार आहे हे कुणालाच माहीत नसते. १९९८ साली आमचे घर बांधणाऱ्याला पुण्याहून येणारे, कमी ऐकू येणारे बाबा कुठून माहीत असणार? म्हणूनच हा निर्णय केवळ पहिल्या गिऱ्हाइकाच्या हौसेवर सोडू नये, असे आम्हाला वाटते. नव्या घरांना सक्ती असावी. जुन्या घरांना मात्र सक्तीऐवजी कर आणि मीटर-फीमध्ये सवलत द्यावी. आमच्या अनुभवात मीटर बदलण्याची फी हाच मोठा अडसर होता.

आपल्या मंडळींना एवढीच विनंती:

- नवे घर बुक करत असाल तर कायदा नसला तरी बिल्डरला स्प्रिंकलरचा पर्याय विचारा. भाव लेखी घ्या.
- अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी हेडला हँगर, दिव्यांच्या माळा किंवा तोरण लटकवू नये. खाली दीड फूट जागा मोकळी ठेवावी.
- बेसमेंटमध्ये कुणी झोपत असेल तर बाहेर पडता येईल अशी खिडकी आहे ना, आणि ती आजी-आजोबांना उघडता येते ना, हे पाहा.
- वयस्कर मंडळींना नेहमीच्या अलार्मचा बारीक आवाज झोपेत ऐकू येत नाही. ५२० हर्ट्झचा, खालच्या पट्टीतला अलार्म मिळतो. तो त्यांच्या खोलीत लावा.
- रात्री बेडरूमचे दार लावून झोपा. आणि आजच्या आज काढून ठेवलेली बॅटरी परत घाला!

आम्ही खालच्या पट्टीचा अलार्म पहिल्यांदा वाजवून पाहिला तेव्हा बाबा खुर्चीत डुलक्या घेत होते. दचकून जागे झाले आणि म्हणाले, "आता ऐकू आलं." सगळ्या खर्चातला तो सर्वात स्वस्त भाग होता. सुरुवात तिथून केली तरी पुष्कळ झाले.